जहाज आधी, विमान नंतर: सिंगापूरच्या क्रूझची तयारी कशी करावी

क्रूझची सहल ठरली की बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते स्वस्त विमान तिकीट शोधण्याचं. चांगलं भाडं दिसतं, घाईघाईने तिकिटं काढली जातात आणि मग त्या तारखांत बसणारं जहाज शोधायला सुरुवात होते. हा क्रम उलटा आहे. मुंबईहून सिंगापूरला रोज अनेक विमानं जातात. एक चुकलं तर जास्तीचे पैसे मोजून दुसरं मिळतं. जहाज मात्र ठरल्या दिवशी ठरल्या वेळी सुटतं. तुम्ही तासभर उशिरा पोहोचलात तर धक्क्यावर कोणी थांबलेलं नसतं आणि भरलेले पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

म्हणून आधी जहाज पक्कं करायचं. ते कोणत्या बंदरातून, कोणत्या दिवशी, किती वाजता सुटतं हे कागदावर लिहायचं आणि तिथून मागे मागे येत विमान, हॉटेल, व्हिसा आणि बॅगा ठरवायच्या. या लेखात मी मुंबईहून विमानाने सिंगापूर आणि तिथून तीन-चार रात्रींची क्रूझ हाच मार्ग घेतला आहे, कारण पहिल्यांदा परदेशी क्रूझला निघणारी आपल्याकडची अनेक कुटुंबं याच वाटेने जातात. सोबत आईवडील आणि मुलं आहेत असं धरून लिहितो आहे.

मार्ग आणि मोसम

सिंगापूरहून सुटणारी छोट्या मुदतीची जहाजं बहुतेक करून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर जातात. मलेशियातली पोर्ट क्लांग आणि पिनांग आणि थायलंडमधलं फुकेत ही नेहमीची बंदरं. एका बाजूला मलेशिया आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा असल्यामुळे हे पाणी उघड्या समुद्रापेक्षा बरंच शांत असतं. बोट लागण्याची भीती असलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे. व्हिएतनामकडे जाणाऱ्या क्रूझ दक्षिण चीन समुद्रातून जातात, आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात तिथे ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असू शकतो. पहिलीच क्रूझ असेल आणि घरातली ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर मी मलाक्काचाच मार्ग सुचवेन.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी फुकेतचा नीट विचार करावा. मे ते ऑक्टोबर तिथे पावसाळा असतो. फुकेतला अनेक जहाजं पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या टेंडर बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लाटा जास्त असल्या की कॅप्टन टेंडर बंद ठेवतो, आणि मग फुकेत जहाजावरूनच बघावं लागतं. हा निर्णय सुरक्षेचा असतो, त्यावर वाद घालून उपयोग नाही. फुकेतसाठीच जायचं असेल तर डिसेंबर ते मार्च निवडा.

बुकिंग करण्याआधी बंदरांची यादी वाचा. ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’सारखं जहाज सिंगापूरहून सुटून समुद्रातच फिरून परत येतं, मधे कुठे उतरवत नाही. लहान मुलांसाठी ते उत्तम, पण आजोबांना पिनांग बघायचं असेल तर निराशा होईल. ‘जेंटिंग ड्रीम’वर भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने असतात आणि शाकाहारी, जैन जेवणाची सोय तिथे चांगली आहे. रॉयल कॅरिबियनची जहाजं मोठी आणि खेळांनी भरलेली असतात. कंपनीच्या नावापेक्षा घरातल्या माणसांच्या आवडीनिवडी बघून ठरवा.

केबिन निवडताना

केबिनचे मुख्य प्रकार तीन: आतली बिनखिडकीची, बंद खिडकीची आणि बाल्कनीची. तीन रात्रींच्या क्रूझला तरुण मंडळींनी बाल्कनीवर पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे. दिवसभर कोणी खोलीत नसतंच. पण आईवडिलांसाठी बाल्कनी जरूर घ्या. त्यांना दुपारी पडायला, निवांत बसून समुद्र बघायला स्वतःची जागा मिळते.

जहाजाची हालचाल मधल्या भागात आणि खालच्या डेकवर सगळ्यात कमी जाणवते. टोकाच्या आणि सगळ्यात वरच्या खोल्यांत ती जास्त जाणवते. डेकचा नकाशा उघडून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही बघा. वर पोहण्याचा तलाव असला तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असलं तर रात्री उशिरापर्यंत संगीत. वरखाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर झोप नीट लागते. ‘गॅरंटी केबिन’ स्वस्त मिळते, पण त्यात प्रकार फक्त ठरलेला असतो, खोलीचा क्रमांक कंपनी नंतर देते. दोन खोल्या शेजारी-शेजारी हव्या असतील तर गॅरंटी घेऊ नका.

जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

क्रूझचं भाडं माणशी असतं आणि ते एका खोलीत दोघं राहणार असं धरून सांगितलेलं असतं. एकटा माणूस गेला तर जवळजवळ दोघांचं भाडं पडू शकतं. उलट त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीला बरंच कमी. या मूळ भाड्यावर बंदराचे कर आणि शुल्क येतं. त्यावर सेवाशुल्क, म्हणजे ग्रॅच्युइटी, जी बहुतेक जहाजांवर रोज माणशी आपोआप खात्याला लागते. मोठ्या कंपन्यांत ती साधारण १८ ते २० डॉलरच्या घरात असते. चार जणांचं कुटुंब आणि चार रात्री म्हटलं की तीनशे डॉलर इथेच झाले. वाय-फाय, दारू आणि शीतपेयं, खास उपाहारगृहं, बंदरातल्या सहली हे सगळं वेगळं.

एजंटकडून पॅकेज घेणार असाल तर कोटेशन लेखी मागा आणि त्यात या प्रत्येक गोष्टीची वेगळी ओळ मागा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पॅकेज विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, कापला जातो. दर बजेटगणिक बदलतो, पण तो पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो. म्हणून पावती ज्याच्या नावावर घ्याल तो रिटर्न भरणारा असू द्या. निवृत्त वडिलांच्या नावावर पैसे भरले आणि ते रिटर्नच भरत नसतील तर ती रक्कम अडकून पडते.

विमान आणि जहाज यांच्यामध्ये एक रात्र

समजा जहाज रविवारी संध्याकाळी पाचला सुटणार आहे. प्रवाशांची नोंदणी साधारण तास-दीड तास आधी बंद होते, म्हणजे साडेतीननंतर दार बंद असं धरा. मुंबई ते सिंगापूर विमानाला साधारण साडेपाच तास लागतात आणि सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. शनिवारी रात्री साडेअकराला निघालेलं विमान रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास उतरतं. कागदावर हे छान जमतं. सकाळी उतरा, फिरा, दुपारी जहाजावर. पण विमान चार तास उशिरा निघालं, बॅग आली नाही किंवा इमिग्रेशनला रांग लागली की सगळं बिघडतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर चार तासांचा उशीर काही विशेष नाही.

म्हणून शुक्रवारी रात्री निघा किंवा शनिवारी दिवसा. शनिवारची रात्र सिंगापूरमध्ये काढा. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च म्हणजे अख्ख्या क्रूझचा विमा समजा. आईवडिलांना रात्रभराच्या प्रवासानंतर थेट नोंदणीच्या रांगेत उभं करणं तसंही बरं नाही. शनिवारी सकाळी उतरलात तर हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, पण बॅगा ठेवून घेतात. लवकर खोली हवी असेल तर आधी ईमेल करून विचारा.

तिकीट काढताना एक गोष्ट दोनदा तपासा, ती म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख. तिकिटावर १२ तारीख, ००:४० असं असेल तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री पोहोचायचं आहे. दर मोसमात काही कुटुंबं १२ तारखेच्या रात्री विमानतळावर हजर होतात. घरातल्या कॅलेंडरवर ‘११च्या रात्री नऊला घर सोडायचं’ असं लिहून ठेवा.

आता मुंबईच्या बाजूला दोन विमानतळ आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली. तिकिटावर बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. टॅक्सी ठरवताना ड्रायव्हरला विमानतळाचं नाव स्पष्ट सांगा.

पुणे, नाशिक, कोल्हापूरहून येणाऱ्यांनी मुंबईपर्यंतच्या प्रवासाचाही हिशेब धरावा. शुक्रवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या घाटात काय होतं हे पुणेकरांना सांगायला नको. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून विमानाने येत असाल तर शक्यतो सगळा प्रवास एकाच पीएनआरवर काढा. दोन वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ‘गैरहजर’ धरते. एकाच तिकिटावर असाल तर पुढच्या विमानाची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते.

कागदपत्रं: इथे घाई नको

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. लहान मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, त्यांची मुदत पटकन संपते. तिकिटं काढण्याआधी ते उघडून बघा.

नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, विमान आणि जहाज दोन्हीकडे द्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि पासपोर्टवर ते बहुतेक वेळा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात पहिल्या नावाला जोडून येतं. तिकिटावरही ते पहिल्या नावासोबतच भरायचं. लग्नानंतर आधार कार्डावर आडनाव बदललं पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा, असं असेल तर परदेश प्रवासात पासपोर्टचंच नाव चालतं. एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर नाव टाइप करून पाठवू नका, पासपोर्टचा फोटो पाठवा.

सिंगापूरचा व्हिसा भारतीयांना लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन मिळतो. अर्ज करताना क्रूझचं बुकिंग जोडा आणि सांगा की जहाजाने बाहेर जाऊन पुन्हा सिंगापूरमध्ये यायचं आहे. व्हिसा हातात आला की त्यावर एकापेक्षा जास्त प्रवेशांची परवानगी आहे ना हे स्वतः वाचा. क्रूझच्या प्रवाशांसाठी यापेक्षा महत्त्वाची ओळ व्हिसावर दुसरी नाही. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तुम्हाला जहाजावरच घेणार नाहीत.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आणि पुढे तिची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. थायलंडचे नियम अधूनमधून बदलतात, ते बुकिंगच्या वेळी आणि निघण्याच्या आठवड्यात असे दोनदा बघा. ज्या देशाच्या बंदरात जहाज जातं तिथला प्रवेशाचा नियम तुम्ही खाली उतरला नाहीत तरी लागू होऊ शकतो.

याशिवाय ऑनलाइन आगमन कार्डं असतात. सिंगापूरचं ‘एसजी अरायव्हल कार्ड’ पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि क्रूझवरून सिंगापूरला परत येताना पुन्हा एकदा भरायचं. मलेशियाचं वेगळं आहे, थायलंडने १ मे २०२५ पासून स्वतःचं सुरू केलं. ही सगळी कार्डं सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतात. गुगलवर वर दिसणाऱ्या काही खासगी साइट त्यासाठी पैसे मागतात. तिथे पासपोर्टची माहिती अजिबात देऊ नका.

मूल एकाच पालकासोबत किंवा आजीआजोबांसोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचं किंवा दोघांचं संमतिपत्र नोटरी करून घ्या. गर्भवती महिलांना बहुतेक जहाजं २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत. हे विमानापेक्षा कडक आहे, त्यामुळे ‘विमानात चालतं तर जहाजावर चालेल’ असं धरू नका. प्रवास विमा घेताना त्यात जहाजावरचा औषधोपचार आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का ते विचारा. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचं बिल भारी असतं आणि ते तिथल्या तिथे भरावं लागतं. रक्तदाब, मधुमेह असेल तर विम्याच्या अर्जात न लपवता लिहा. लपवलं तर दावा नेमका तिथेच फेटाळला जातो.

बॅगा: काय न्यायचं आणि काय अजिबात नाही

दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या घरात फराळाचा डबा बॅगेत जातोच. त्या डब्यातले अनारसे बाहेर काढा. सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अनारशाला लावलेली, लाडवात घातलेली, गोड्या मसाल्यात किंवा कांदा-लसूण मसाल्यात दळलेली, कुठलीच खसखस नेऊ नका. मसाल्याच्या पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती पुडी घरीच ठेवलेली बरी. आपल्याकडे ही स्वयंपाकघरातली साधी गोष्ट आहे, तिथे ती गंभीर गुन्ह्याच्या यादीत जाऊ शकते. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः प्रेमाने डबा भरणाऱ्या आजीला, नीट समजावून सांगा.

तंबाखू, गुटखा, मशेरी तिथे बंद आहे. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, बंद आहे. च्युइंगम नेऊ नये. सिगारेटला करमाफी नाही, एक पाकीटसुद्धा जाहीर करावं लागतं.

सुक्या खोबऱ्याची वाटी चेक-इन बॅगेत चालत नाही, कारण तिच्यातल्या तेलामुळे ती आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते. लोणचं, चटणी, तूप, मध हे केबिन बॅगेत द्रव धरले जातात, म्हणजे १०० मिलिलिटरचा नियम लागू. लोणचं न्यायचंच असेल तर दुकानातलं सीलबंद पाकीट चेक-इन बॅगेत टाका. जहाजावर घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या चढवू देत नाहीत. सीलबंद चिवडा, खाकरे, चिक्की चालते.

पॉवर बँक फक्त केबिन बॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीची गरज नसते. हिशेब सोपा आहे: मिलिअँपिअर-अवरला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. पण विमानात ती वापरू देतीलच असं नाही. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकने चार्जिंग करायला बंदी घातली आहे. घरूनच फोन पूर्ण चार्ज करून निघा.

इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटी शेगडी यांपैकी काहीही जहाजावर नेऊ नका. आगीच्या भीतीने त्या काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. गरम पाणी बुफेच्या जागी नेहमी मिळतं. सिंगापूरच्या हॉटेलात तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, जहाजावर बहुधा युरोपीय आणि अमेरिकी पद्धतीचं, त्यामुळे युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर घ्या. केबिनच्या भिंती पोलादी असतात. चुंबकाचे दोन-चार हूक नेले तर ओले कपडे आणि टोप्या टांगता येतात.

औषधं मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, निदान चार दिवस जास्तीची, आणि सगळी केबिन बॅगेत. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांना सिंगापूरमध्ये आगाऊ परवानगी लागू शकते, ती तिथल्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर तपासा. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून न्या आणि ती मळमळ सुरू होण्याआधी घ्या; उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आल्याची वडी जवळ असू द्या.

कपडे माणसागणिक एकेका बॅगेत न भरता वाटून भरा. वडिलांचे दोन जोड आईच्या बॅगेत, मुलांचे आपल्या बॅगेत. एक बॅग मागे राहिली तरी सगळ्यांकडे काहीतरी घालायला राहतं. बॅग बंद करण्याआधी आतला आणि बाहेरचा फोटो काढून ठेवा.

विमानतळावर आणि विमानात

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात आणि त्यानंतर कोणाचंच ऐकत नाहीत. आईवडिलांना फार चालवत नसेल तर व्हीलचेअरची मागणी तिकिटासोबत किंवा निदान ४८ तास आधी नोंदवा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. सहारचं टर्मिनल दोन आणि सिंगापूरचं चांगी विमानतळ दोन्ही अवाढव्य आहेत.

जेवण चोवीस तास आधी नोंदवा. इथे एक गोष्ट लक्षात असू द्या: ‘हिंदू मील’ हे शाकाहारी नसतं, त्यात गोमांस नसतं एवढंच. शाकाहारी लोकांनी ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘हिंदू व्हेजिटेरियन’ निवडावं, जैनांसाठी वेगळा पर्याय असतो. उतरताना लहान मुलांचे कान दुखतात, त्या वेळी त्यांना पाणी किंवा गोळी चघळायला द्या. ज्येष्ठांनी दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालावं, पाणी पीत राहावं.

सिंगापूरचे दोन धक्के

सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत. मरीना बे क्रूझ सेंटर मरीना साउथ पिअर मेट्रो स्थानकाजवळ आहे. सिंगापूर क्रूझ सेंटर हार्बरफ्रंटला, सेंटोसा बेटाच्या समोर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ सांगितलं तर चुकीच्या जागी पोहोचण्याचा धोका आहे. बुकिंगच्या कागदावरचं पूर्ण नाव दाखवा.

जहाजाचं ऑनलाइन चेक-इन घरीच करा, चढण्याची वेळ शक्य तितकी लवकरची निवडा. जहाजाने दिलेले टॅग छापून बॅगांना लावा. टर्मिनलवर बॅगा सोपवल्या की त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात, लगेच येत नाहीत. म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि एक जोड खांद्यावरच्या पिशवीत. पासपोर्ट दिलेल्या बॅगेत गेला तर तुम्ही धक्क्यावर आणि पासपोर्ट जहाजाच्या पोटात. काही जहाजं इमिग्रेशनसाठी पासपोर्ट ठेवून घेतात आणि शेवटी देतात; ते नेहमीचं आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची छायाप्रत मात्र प्रत्येकाच्या जवळ हवी.

खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट कार्ड नको. जहाज रोज काही रक्कम रोखून ठेवतं आणि डेबिट कार्डावर ती मोकळी व्हायला बरेच दिवस लागू शकतात.

पहिल्याच दिवशी सुरक्षा सराव असतो. तो चुकवू नका, आणि मुलांनाही सोबत न्या. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव घेणं बंधनकारक झालं. आपली जमण्याची जागा कोणती आणि खोलीपासून तिथे जिन्याने कसं जायचं, हे आईवडिलांना घेऊन एकदा चालून बघा. लिफ्ट त्या वेळी वापरता येत नाही.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते येत नाही. काही मिनिटांच्या डेटाचं बिल हजारांत येऊ शकतं. आजीआजोबांचे फोन स्वतः हातात घेऊन तपासा. जहाजाचं वाय-फाय एका फोनपुरतं घेतलं तरी घरी खुशाली कळवता येते.

बंदरात उतरल्यावर

पिनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली जुनी वस्ती तिथून चालत गाठता येते, लिटल इंडियात डोसा-इडलीही मिळते. इथे जहाजाची महागडी सहल घेण्याची गरज नाही. पोर्ट क्लांगचं गणित वेगळं आहे. क्वालालंपूर तिथून रस्त्याने तासाभराहून लांब आहे आणि परतीच्या वाटेवर वाहतूक हमखास असते. तिथे जहाजाचीच सहल घ्या, किंवा जहाजावर थांबा. जहाजाची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

आता घड्याळाची गोष्ट. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, थायलंड एक तास मागे आहे. फुकेतला उतरल्यावर फोन आपोआप थायलंडची वेळ धरतो, जहाज मात्र बहुधा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. ‘साडेचारपर्यंत परत या’ असं जहाजाने सांगितलं असेल, तर तुमच्या फोनमध्ये साडेतीन वाजलेले असताना ती वेळ झालेली असते. उतरण्याआधी एका मनगटी घड्याळात जहाजाची वेळ लावा आणि दिवसभर तेच बघा. टेंडर असेल तर शेवटच्या बोटीची वेळ त्याहून आधीची असते. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

परतीचा दिवस

आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि औषधं बाहेर काढून मगच बॅग बंद करा. खात्याचं बिल रात्रीच टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर तपासा. चूक दिसली तर त्याच रात्री काउंटरवर जा, सकाळी तिथे लांब रांग असते. बिल चुकतं करताना मशीनने ‘रुपयांत भरायचं का’ विचारलं तर नाही म्हणा, जहाजाच्याच चलनात भरा. रुपयांत भरलं तर दर वाईट लागतो.

उतरायला सकाळचे नऊ-दहा वाजू शकतात. परतीचं विमान दुपारी तीनच्या आधीचं घेऊ नका, मी तर संध्याकाळचंच सुचवेन. चांगीला अनेक कंपन्या लवकर बॅगा घेतात, त्या दिल्या की शेजारच्या ‘ज्युएल’ मॉलमध्ये हात मोकळे ठेवून फिरता येतं. सिंगापूरमध्ये खरेदी केली असेल तर, दुकान पर्यटकांच्या करपरताव्याच्या योजनेत असल्यास, किमान १०० सिंगापूर डॉलरच्या खरेदीवरचा ९ टक्के कर विमानतळावर परत मागता येतो. वस्तू बॅगेत टाकून बॅग देण्याआधी ती नोंद करा, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात.

मुंबईत पट्ट्यावरून बॅग उचलली की तिथेच तिची चाकं, हँडल, कुलूप बघा. काही मोडलं असेल किंवा बॅग आलीच नसेल तर विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. एकदा कस्टम ओलांडून बाहेर गेलात की दावा सिद्ध करणं कठीण जातं. बोर्डिंग पास आणि बॅगेची चिकटपट्टी विम्याचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.